दुपारची डुप्लिकेट गाणी

लग्नात माहेराहून मी मिक्सर आणला आणि बुटाच्या खोक्यात भरून माझ्या कॅसेटी आणल्या. मिक्सर सासूबाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला. खोकं ह्यांनी उघडलं, दोन-चार कॅसेटी उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, "ह्या सगळ्या डुप्लिकेट आहेत."

मला काही कळेना. सटाण्याच्या बसस्टँडसमोरच्या दुकानातून मी स्वतः निवडून घेतलेल्या त्या कॅसेटी. वर नायिकेचा फोटो होता, गाण्यांची नावं बरोबर होती, सिनेमांचीही बरोबर होती. मग ह्यांनी मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं दाखवलं. गाणारी बाई दुसरीच होती. नव्वदच्या आसपास असल्या कॅसेटींचा नुसता सुळसुळाट होता. गाणी जुनी, गळे नवे आणि भाव स्वस्त. दुकानदार त्यांना व्हर्जन म्हणायचे, हे डुप्लिकेट म्हणायचे. सटाण्याला आम्ही त्यांना नुसतं गाणी म्हणत होतो.

आता हेही सांगून टाकते की मी ह्यांची दुसरी बायको. पहिली लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाचं निमित्त होऊन गेली. तेव्हा ओरिजनल कोण आणि डुप्लिकेट कोण, ही तुलना कुणालाही सुचेल. दुसऱ्या कुणी करण्याआधी मीच ती करून मोकळी होते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

घर सातपूरला, कंपन्यांच्या पट्ट्याला लागून असलेल्या कॉलनीत. हे एका कारखान्यात सुपरवायझर, शिफ्टची नोकरी. घरात आम्ही तिघं, आणि देवघरात थोरलीचा टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली पेराएवढी मूर्ती. दुसरेपणावर आलेल्या बाईने गेलेल्या सवतीचा टाक पुजायचा, अशी आमच्याकडे रीत. सकाळी हळदीकुंकू आधी तिला लावायचं, मग स्वतःला. नवी साडी आली की आधी तिच्यापुढे ठेवायची, मग आपण नेसायची. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. "तिचा मान तिला दिला की ती तुला सांभाळून घेईल," असं त्या अगदी मायेने सांगायच्या. मला तिचा रागही येत नसे. खरं सांगायचं तर त्या घरात माझ्या वयाची अशी ती एकटीच होती.

ह्यांच्याबद्दलही तक्रार करावी असं काही नव्हतं. कधी आवाज चढवला नाही, ताटाला नावं ठेवली नाहीत. पण बोलणं म्हणाल तर गॅस संपत आलाय का, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, किल्ली कुठे ठेवली. त्यापुढे गाडी जात नसे. मी काही विचारलं तर उत्तर मिळे, नाही असं नाही, पण तिकीट खिडकीवर मिळतं तसं. रविवारी सकाळी ते बाहेरच्या खोलीत टेप लावून बसायचे, त्यांच्या ओरिजनल कॅसेटी घेऊन. मी चहा घेऊन जाई आणि उगाच तिथेच टेकत असे. ऊठ असं ते कधी म्हणाले नाहीत. फक्त आवाज थोडा कमी करायचे, घरी पाहुणं कुणी आलं की करतात तसा.

मला एवढंच हवं होतं, की कधीतरी ह्यांनी माझ्याजवळ बसून गॅस-किल्लीपलीकडचं काहीतरी बोलावं. आईला फोनवर हे सांगून पाहिलं. माहेरच्या बायकांची तऱ्हा वेगळी, तिला यात काही दुखणं दिसेना. ती म्हणाली, "घर चांगलं शे, मानूस दारू पेत नही. आखो काय जोयजे तुले?" आणखी काय पाहिजे ते मला फोनवर सांगता येईना. मी मिरच्यांचा भाव विचारला आणि फोन ठेवला.

दुपारी सासूबाई देवळात भजनाला जायच्या. हे कामावर. कंपनीचा भोंगा होऊन गेला की कॉलनीत इतकी सामसूम होई की शेजारच्या घरातला नळ ऐकू यायचा. अशाच एका दुपारी मी हट्टाला पेटून ह्यांची कॅसेट काढली, एक गाणं ऐकलं, आणि लगेच माझी घालून तेच गाणं ऐकलं. माझी कॅसेट काही कमी नाही, हे मला स्वतःलाच दाखवायचं होतं.

पहिल्याच दुपारी मी हरले. ओरिजनलच्या मागे तळणाच्या कढईसारखी बारीक खरखर होती, वाद्यं लांब कुठेतरी वाजत होती, तरी तो आवाज थेट येऊन शेजारी बसत होता. माझ्या कॅसेटवर सगळं स्वच्छ आणि चकचकीत, सतारीच्या जागी कीबोर्ड, आणि आवाज विहिरीत तोंड घालून गायल्यासारखा घुमवलेला. सगळं आयुष्य जिला मी ते गाणं समजत होते, ती त्याची नक्कल होती. वाईट वाटलं. फसवलं गेल्याचं वाईट वेगळं, हे त्याहून जास्त होतं.

पण मग नादच लागला. रोज दुपारी एक गाणं घ्यायचं आणि दोन्ही ऐकायची. हळूहळू मला माझ्या कॅसेटवरची बाई कळायला लागली. मूळ गायिकेने जिथे श्वास घेतला तिथेच ही श्वास घ्यायची. ती जिथे शब्द किंचित दाबते तिथे ही दाबायची. तिला तसं सांगितलेलंच असणार, की बाई, स्वतःचं काही घालू नकोस. ती बिचारी सांभाळून, अंग चोरून गायची. पण शेवटच्या कडव्यापर्यंत पोचली की बहुतेक थकायची किंवा विसरायची, आणि मग एखादी हरकत अशी निसटून जायची की ती ओरिजनलमध्ये कुठेच नसे. तेवढ्या जागेसाठी मी कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घेई. चांगली होती असंही नाही. पण ती तिची होती. मला तिचा चेहरा पाहायची फार इच्छा व्हायची, आणि वरच्या फोटोत तर नायिकाच.

दोघांच्याही कॅसेटींत असलेल्या गाण्यांतलं एक जरा वेगळं होतं. पहिल्या अंतऱ्याच्या शेवटी ओरिजनलमध्ये सगळं एकदम थांबतं. आवाज नाही, वाद्य नाही, ताल नाही. क्षणभर काहीच नाही आणि मग पुन्हा धृपद. रविवारी ते गाणं लागलं की हे त्या थांबण्यापाशी खटका दाबून टेप बंद करायचे. दर वेळी. तिथे कॅसेट खराब असेल असं मला वाटलं. दुपारी मी पुढे ऐकून पाहिलं तर टेप ठणठणीत होती, पुढचे अंतरेही छान होते. माझ्या कॅसेटवर मात्र ती जागाच नव्हती. तिथे कीबोर्डवाल्याने एक लांबलचक तान मारून सगळं बुजवून टाकलं होतं. मला त्याचा रागच यायचा.

अशीच वर्षं गेली. नवं शतक आलं, शेजारी सीडी आल्या, मूल काही झालं नाही, आणि आमचं बोलणं जिथल्या तिथे. एका दुपारी मी ज्वारी निवडत बसले होते आणि माझी कॅसेट लावलेली होती. कंपनीत वीज गेली म्हणून हे लवकर घरी आले. दारात उभे, हातात डबा. मी घाईघाईने टेप बंद करायला उठले.

"राहू दे," ते म्हणाले.

तेच गाणं चालू होतं. ते बूट न काढता टेपपाशी खाली बसले. अंतरा संपला, कीबोर्डची ती तान आली, धृपद आलं, पुढचा अंतरा सुरू झाला. शेवटपर्यंत त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "परत लाव." मी लावलं. पुन्हा संपल्यावर त्यांनी स्वतःच टेप बंद केला. मला वाटलं, आता डुप्लिकेट म्हणणार.

"ती तिथे वाटी वाजवायची," ते म्हणाले.

मी ज्वारीत हात तसाच ठेवून बसून राहिले.

"आत स्वयंपाक करत असली तरी. गाणं थांबलं रे थांबलं की चमचा घेऊन वाटीवर एकच ठोका. कधी चुकली नाही. आता तिथे गाणं थांबलं की कान आपोआप आत जातो. ह्यात बरंय. ह्यात थांबतच नाही."

आणि मग ते बोलायला लागले. थोरली गाभुळलेल्या चिंचा पदरात बांधून सिनेमाला यायची. पालीला इतकी भ्यायची की आंघोळीआधी ह्यांना मोरी बघून यायला लावायची. गच्चीवर तिने एक मांजराचं पिल्लू आणून ठेवलं होतं, सासूबाईंपासून लपवून, आणि दूध कमी का पडतं हे सासूबाईंना कळत नव्हतं. दवाखान्यात तिने एकदा टेप मागितला होता, तो ह्यांनी नेला नाही, कारण उद्या तर घरीच येणार होती. बोलता बोलता हे हसलेसुद्धा. हसताना ह्यांचा डावा डोळा बारीक होतो, हे मला त्या दुपारी कळलं. त्यांची बायको असून तोवर मला ते माहीत नव्हतं.

आधी मला नुसता आनंद झाला. हे माझ्याशी बोलत होते, माझ्या समोर बसून, माझ्या कॅसेटमुळे. ऊन भिंतीवर चढलं तरी ते बोलतच होते. लग्न झाल्यापासून एवढं आम्ही कधी बोललो नव्हतो. आणि मग हळूहळू लक्षात आलं की एवढ्या बोलण्यात मी कुठेही नाही. उठून आत जावं, भांडी आपटावीत, असं खरंच वाटलं.

तेवढ्यात ते थांबले. आपण बूट काढले नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते नाड्या सोडायला वाकले आणि चेहरा पुन्हा रोजच्यासारखा झाला. "उद्या फर्स्ट शिफ्ट आहे," ते म्हणाले.

"त्या मांजराचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

नाडीवरचा हात थांबला. ते पुन्हा भिंतीला टेकले आणि सांगायला लागले.

मला मांजरं मुळीच आवडत नाहीत. मी ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं, थोडी जवळ सरकले आणि हं, हं म्हणत राहिले.