सेनापतीच्या झग्याचा हुक

सदर इसम वय वर्षे त्रेपन्न, धंदा शिंपीकाम, बांधा मध्यम, कामातील त्रुटी निरंक. एका अंतराळ-मालिकेतल्या दुष्ट सेनापतीवर त्याचा वीस वर्षांपासून जीव आहे, ही बाब बायकोखेरीज कोणासही ठाऊक नव्हती.

त्या मालिकेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला तो यंदा पहिल्यांदाच गेला, स्वतः शिवलेला काळा झगा घेऊन. तिथल्या वेशभूषा स्पर्धेत सेनापती होऊन एकदा मंचावर चालायचं, एवढीच इच्छा. गळ्याचा हुक तेवढा तिथे पोचून लावायचा होता. त्याने सुईदोरा काढला मात्र, शेजारची राजकन्या म्हणाली, "काका, माझी बाही उसवलीय हो." मग रांगच लागली.

"अहो, तुमचा नंबर पुकारतायत," बायको म्हणाली. "इथेही दुकान मांडलंत का?"

"या रोबोची शिवण बघ. अशी कशी सोडू?"

तिसऱ्या पुकाऱ्याला तिने त्याला मंचावर ढकललं. झगा गळ्याशी मुठीत आवळून सेनापती सावकाश चालत गेला. ती मूठ पाहून सभागृह गप्प झालं आणि परीक्षकांनी 'जरब' या सदरात पूर्ण गुण दिले.

मूठ सोडली असती तर झगा खाली पडला असता. हुक खिशातच होता.