खंडेनवमीचा एरोजेल

झेंडूचा वास आला की मला ऐंशीच्या सुमाराची, आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतली खंडेनवमी आठवते. माझ्या मित्राने आठ महिने खपून एरोजेलचा, म्हणजे जवळजवळ नुसत्या हवेनेच भरलेल्या, काचेसारख्या ठिसूळ पदार्थाचा, एकच अखंड तुकडा जमवला होता. साबणाच्या वडीएवढा, निळसर, चुलीवरून उठता उठता थांबलेल्या धुरासारखा. अंतराळयानात उष्णता अडवायला तो चालेल का, हे तपासायला दुसऱ्या दिवशी तो बंगळूरला जायचा होता आणि त्यावरच मित्राची शिष्यवृत्ती टिकणार होती. विभागप्रमुखांनी मात्र तो यंत्रांच्या रांगेत, झेंडूच्या माळांमध्ये पूजेला मांडला. पूजेला एका साखर कारखान्याचे अध्यक्ष आले होते. ते विज्ञानावर पाऊण तास बोलले. विज्ञानाने निमूट ऐकून घेतलं. मग त्यांनी तांब्यात फूल बुडवलं. मित्र घाईने पुढे झाला, “साहेब, ह्याला पाणी नको, फुटंल.” “आरं, देवाच्या पाण्यानं कुठं काय फुटतंय व्हय?” म्हणत अध्यक्षांनी शिंपडलंच. बारीक तडतड झाली आणि तुकड्याचा पांढरा चुरा झाला. “साबण इरगळला की रं!” अध्यक्ष म्हणाले. आधी विभागप्रमुख हसले, मग सगळे हसले, मीही. मित्राने चुरा कागदात गोळा केला. पुढच्या जूनपासून तो गारगोटीच्या शाळेत शिकवू लागला. मध्यंतरी वाचलं, की एका यानाने एरोजेलमध्ये धूमकेतूची धूळ पकडून आणली. कात्रण कापलं, पाकिटावर त्याचा पत्ताही लिहिला. पाठवलं मात्र नाही. मला हसताना त्याने पाहिलं होतं.