पौर्णिमेला पाय चोळायचा राहिला

आधी हे सांगून टाकते, मग जेवते. आजच दवाखान्यातून घरी आलेय, पाय उशीवर ठेवून टाइप करायलेय, चुकलं तर समजून घ्या.

मला रक्ताचा कॅन्सर हाय. रोज एक गोळी घेते, ती नेमकी खराब पेशींवरच काम करते, म्हणून वालूरला घरी राहून कॉलेज जमतं. गोळी सुरू करतानाच परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्यामुळं रक्ताची गाठ होऊ शकते, एक पाय सुजला तर लगेच या. आई घाबरंल म्हणून मी घरी बोललेच न्हाई. मग मीच विसरले. खरं सांगू, मला विसरायचंच होतं.

मागच्या आठवड्यात डावी पोटरी टम्म फुगली, गरम लागायली. आई म्हणाली, "नाचली असशील कॉलेजात. ये, कोमट तेलानं चोळते." मी म्हणलं, आज पौर्णिमा हाय, आधी सकाळची वंदना होऊ दे.

बुद्धविहारात गुडघे टेकले अन् उठताच येईना. तोंडानं शरण जाते म्हणायले, अन् दुखणं मात्र एकटीच दाबून बसलेय, असं वाटून लय भरून आलं. तेवढ्यात मागून पांढऱ्या साडीतल्या एका मावशीनं मला धरून उठवलं. त्या गंगाखेडच्या, रिटायर नर्स, पाहुण्यांकडं आलेल्या. माझे दोन्ही पाय निरखून आईला म्हणल्या, "एकच सुजलाय. पोरीला कोणती गोळी चालू हाय का?"

"हाय की, पण ती रक्ताची. पायाचा काय संबंध? घरी जाऊन चोळते."

"हात लावू नका ताई. गाठ असली तर सुटून फुप्फुसात जाईल. आत्ताच निघा."

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "माझ्यापासून लपवतीस व्हय गं?" अन् माझा हात जो धरला, तो परभणीपर्यंत सोडला न्हाई. मावशी जेवण टाकून जीपमध्ये सोबत बसल्या.

सोनोग्राफीत गाठच निघाली. वर सरकली नव्हती. डॉक्टरांनी गोळी थांबवली, रक्त पातळ करायचं औषध सुरू केलं. आता कॅन्सरची दुसरी गोळी देणार हायेत.

आमी चमत्कार मानत न्हाई. पण त्या मावशी त्याच सकाळी, माझ्याच मागं बसल्या, याचं काय करू मी? मला लय हलकं वाटायलंय. शरण जाणं म्हणजे एकटीनं घट्ट धरलेलं सोडून देणं, एवढं मला कळलं.

तुमच्यासोबत झालंय का असं? तुमी लपवलेलं दुखणं कुणी अनोळखी माणसानं वेळेवर ओळखलंय का? सांगा ना.