बोर्डाच्या मागून

त्या घरातली तीन माणसं एकामागून एक फुटबॉलच्या मैदानावर आयुष्य काढून बसली, पण मॅच म्हणून एकानंही कधी पाहिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मैदानाच्या एका लांब बाजूला चार खांबांवर लाकडी बोर्ड उभा होता. त्यात दोन चौकोनी खिडक्या. एका खिडकीत ‘आपले’ किती, दुसरीत ‘पाहुणे’ किती, ते आकडे पत्र्याचे, आतून खिळ्याला अडकवायचे. बोर्डाच्या मागे फळ्यांचा माळा, वर जायला बारा पायऱ्यांची शिडी, वर एक स्टूल. त्या स्टुलावर आधी आजोबा बसले, मग बाबा, आणि बाबांच्या गुडघ्यानं हात टेकल्यावर दोन वर्षांपासून त्यांची मुलगी.

मुलगी चोवीस वर्षांची. मैदानावर तिला सगळे भोपळी म्हणायचे. लहानपणी ती बाबांचा डबा घेऊन यायची. वर चढायची परवानगी नव्हती, म्हणून शिडीखाली शून्याचा जादा पत्रा घालून त्यावर बसायची. जो शून्यावर बसतो त्याला भोपळा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं! अंगानं पुढे काडी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलं.

आकडे लावणाऱ्याला मॅच दिसत नाही हे बाहेरच्याला पटायचं नाही. खिडकीत पत्रा लागला की खिडकी बंद. पत्रा काढून दुसरा लावेपर्यंत जेवढं दिसेल तेवढं, म्हणजे एक श्वास घेऊन सोडण्याइतकं. आजोबांनी फळीला अंगठ्याएवढं भोक पाडलं होतं, पण त्यातून डावीकडचा गोलाचा खांब आणि थोडं गवत, एवढंच दिसे. गोल झाला की मैदानाच्या कडेच्या टेबलावरून घंटा वाजायची. एक घंटा आपली, दोन पाहुण्यांची. घंटा ऐकायची आणि पत्रा बदलायचा. त्यासाठी डोळे लागत नाहीत.

लागायचं ते भान. बोर्ड समोरून बघितला तर आपले डावीकडे. मागे बसणाऱ्याला तेच उजवीकडे. आजोबांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी आतून उजव्या खिडकीवर लाल रंगाचा ठिपका दिला होता. “आपली उजवी ती जगाची डावी,” हे वाक्य त्या घरात पाढ्यासारखं पाठ होतं. कुठल्याही पिढीच्या हातून ती चूक झाली नव्हती. घराण्याची इस्टेट म्हणाल तर एवढीच.

आणि दुसरी एक होती. चार-तीनची मॅच.

आजोबा ती जेवताना सांगायचे. तीन-तीन बरोबरी, दिवस मावळायला आलेला, आणि मग तो शेवटचा गोल. घास हातात धरून म्हणायचे, “चेंडू असा वळला, असा वळला, जणू त्याला घराची वाट आठवली.” आजोबा गेल्यावर बाबा सांगायला लागले, घास तसाच हातात धरून. भोपळीनं ती गोष्ट शाळेत सांगितली, आणि पुढे कुरिअरच्या गोदामात चिकटल्यावर तिथल्या मैत्रिणींनाही सांगितली. दुपारी डबा खाताना मैत्रिणींच्या गप्पा चालायच्या. एकीचा आजोबा तळं पोहून जायचा. एकीची आजी शाळेत असताना धावण्यात पहिली यायची, तिचा कप अजून कपाटावर होता आणि त्यात घरातल्या किल्ल्या ठेवत. भोपळीकडे कप नव्हता, पण वळलेला चेंडू होता.

मग दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माळ्यावर चढली, स्टुलावर बसली, भोकाला डोळा लावला आणि पुन्हा पुन्हा लावून बघितला. गोष्टीप्रमाणे चार-तीनचा तो गोल उजवीकडच्या जाळ्यात झाला होता. उजवीकडचं जाळं तिथून दिसतच नव्हतं. ना भोकातून, ना खिडकीतून.

घरी येऊन तिनं विचारलं. बाबा गुडघ्याला तेल लावत होते. म्हणाले, पाहिला कोण म्हणतो, तुझ्या आबांनी ऐकला होता. मॅचच्या दुसऱ्या दिवशी दाढी करताना न्हाव्यानं त्यांना बाकीचं सांगितलं. आणि न्हाव्यानं तरी पाहिला होता का, तर ते काही बाबांना ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून गोदामात पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना तिच्या मनात तेच घोळायचं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आपल्याकडे आलेली आठवण न्हाव्याची, ती आजोबांनी नेसली, बाबांनी नेसली, आता आपल्या अंगावर. आपण पुढे कुणाला काय देणार? रविवारी सगळं जग पाय पसरतं, आणि आपल्या घरचे पाय शिडीवर. सुटीत तू काय करतेस, असं कुणी विचारलं की ती डब्याचं झाकण लावायला घ्यायची. खेळ म्हणजे दुसऱ्यांनी करायची गोष्ट, आणि मजा म्हणजे फळीपलीकडून येणारा आवाज.

अशात क्लबच्या चिटणीसांनी निरोप दिला, की पुढच्या हंगामात विजेवर चालणारा बोर्ड येणार. टेबलावरचा माणूस बटण दाबेल की आकडा उजळेल. माळ्याची गरज नाही. येता रविवार शेवटचा. माणूस वाईट नव्हता; काही हवं असेल तर सांग, असंही म्हणाला. त्याला वाटलं असेल, ही पत्रे मागेल. तिनं सावलीतल्या खुर्च्यांमधली एक जागा मागितली. बाबांसाठी. एकदा, फक्त एकदा, त्यांनी पुढे बसून मॅच बघावी. खरी, डोळ्यांनी. म्हणजे घरात निदान एक आठवण तरी उसनी नसेल.

बाबा काही ऐकेनात. गुडघा दुखतो, ऊन लागतं, खुर्चीत बसून माणूस करतो काय? शेवटी आई म्हणाली, “अहो, तीस वर्षं त्या मॅचची पाठ बघितलीत, एकदा तोंड बघायला काय जातंय?” त्यावर बाबांनी शर्ट इस्त्रीला द्यायला काढला. रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बटण गळ्यापर्यंत लावलं आणि काठी घेऊन निघाले. दवाखान्यात जायला निघाल्यासारखे दिसत होते.

भोपळीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि ती माळ्यावर गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खुर्च्या फक्त डाव्या खिडकीतून दिसतात. पाहुण्यांच्या. उजवीपुढे दिव्याचा खांब आडवा येत होता. म्हणजे बाबांचा चेहरा बघायचा तर पाहुण्यांनी गोल मारला पाहिजे. जन्मात पहिल्यांदाच तिनं पाहुण्यांचं भलं चिंतलं.

आणि ते ऐकलं गेलं. दोन घंटा झाल्या. तिनं डाव्या खिडकीतलं शून्य काढलं आणि बघितलं. खुर्च्यांवरची सगळी तोंडं मैदानाकडे होती, कुणी कपाळाला हात लावला होता, कुणी पंचाच्या नावानं बोटं मोडत होतं. बाबांचं एकट्याचं तोंड सरळ तिच्याकडे. तिच्याकडे म्हणजे बोर्डाकडे. खिडकीकडे डोळे लावून ते वाट बघत होते, एक कधी लागतो याची. तिनं एक लावला.

तिनं स्वतःची समजूत घातली, की गोल आत्ताच झाला म्हणून बघत असतील. सवय आहे, जाईल. आता खेळ सुरू झाला की वळतील. पण खात्री कशी करणार? खिडकी बंद. भोकातून खांब आणि गवत. फळीपलीकडे लोक ओरडत होते, हळहळत होते, आणि त्यात बाबांचा आवाज आहे का ते कळायला मार्ग नव्हता. पाऊण तास ती स्टुलाच्या कडेवर बसून होती. मॅच कोण जिंकतं याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. बाबांची मान वळली का, एवढंच तिला बघायचं होतं.

घंटा वाजली. एकच. सगळं मैदान उसळलं, फळ्या थरथरल्या, आणि भोपळीचा हात गेला डाव्या खिडकीवर. लाल ठिपका उजवीकडे तसाच तिच्याकडे बघत राहिला. तिनं पाहुण्यांचा एक काढला, बाहेर पाहिलं. सगळी माणसं उभी राहून नाचत होती. त्यांच्यामध्ये बाबा बसलेले, मान तसूभरही न वळलेली, डोळे बोर्डावर. ती बघत राहिली आणि हातानं सवयीनं दोन अडकवला.

आधी एक जण हसला. मग हसणं पसरत गेलं. गोल मारला आपण आणि वाढला पाहुण्यांचा! कुणीतरी ओरडलं, “अगं भोपळी, पगार तिकडून मिळतो का काय?” तेव्हा तिला कळलं. तिनं घाईघाईनं पत्रे बदलले, डावीकडे एक, उजवीकडे एक. तेवढा वेळ दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. बाबांची खुर्ची रिकामी दिसली.

ते येणार हे तिला माहीत होतं, आणि येऊ नयेत असं फार वाटत होतं. बऱ्याच वेळानं खाली काठी टेकल्याचा आवाज आला. तिनं वरूनच सांगितलं, की बाबा, दुरुस्त केलंय, तुम्ही परत जा, अजून मॅच बाकी आहे. काठी खालीच राहिली. बारा पायऱ्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ते चढले. सातव्या पायरीवर असताना बाहेर अशी आरोळी उठली, जशी तिनं दोन वर्षांत ऐकली नव्हती. एक घंटा. आपले दोन.

ती जागची हललीच नाही. बाबा वर आले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. “हो बाजूला,” म्हणाले. उजव्या खिडकीतला एक काढून त्यांनी दोन लावला, बोटानं सरळ केला. मग स्टुलावर टेकले आणि म्हणाले, “आबांनी कधी अशी चूक केली नाही गं.”

“तुम्ही मॅच बघायला आला होतात, बाबा.”

“बघत होतो की. मघाशी एक तिरका लावला होतास.”

तिला हसू आलं, आणि मग हसूही गेलं. बाहेर मॅच संपली. दोन-एक. बाबांना उतरवायला क्लबचे दोन माळी लागले. त्या संध्याकाळनंतर गुडघा वाकलाच नाही. ते मैदानावर गेले ते शेवटचे.

घरी आईनं ताट वाढलं आणि उत्सुकतेनं विचारलं, मग, कशी काय झाली मॅच? बाबांनी घास हातात धरला. म्हणाले, “शेवटचा गोल बघायला हवा होतास. चेंडू असा वळला, असा वळला, जणू त्याला घराची वाट आठवली.” आणि भोपळीकडे बघितलं. आईनंही बघितलं. भोपळी म्हणाली, हो. मान खाली घालून जेवली.

नव्या हंगामात विजेचा बोर्ड लागला. पत्रे भंगारात गेले. शून्य तिनं ठेवून घेतलं, तर आईनं ते पिंपावर झाकण म्हणून घातलं. रविवार मोकळा झाला, पण त्याचं करायचं काय हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ती तिकीट काढून मैदानावरच जाऊ लागली. अगदी पुढच्या खुर्चीत बसते. चेंडू इकडे जातो, तिकडे जातो, आजूबाजूची माणसं उठतात, बसतात, आणि तिची नजर आपसूक वर जाते, उजळलेल्या आकड्यांवर. गोल होतो तेव्हा ती बोर्डाकडेच बघत असते. आकडा आपोआप बदलतो. मागे कुणी नसतं.

ती घरी येते तेव्हा बाबा पलंगावर पाय लांब करून बसलेले असतात. विचारतात, कोण जिंकलं, कसा मारला?

“असा वळला बाबा, असा वळला…” ती हातानं दाखवते.

बाबा मान हलवतात. कुणाचा पाय, कुठून मारला, काही विचारत नाहीत. एवढंच म्हणतात, “आकडे सरळ होते का?”

“ते वाकडे होतच नाहीत, बाबा.”

मग ते भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि ती दुसऱ्या दिवशीचा डबा घासायला घेते.