डेबियन चढत होतं तेव्हा

फिनेलचा वास आला की मला लातूरच्या होस्टेलची खोली आठवते. एक खाट, एक टेबल आणि भिंतीवर जीवशास्त्राचे तक्ते. मी डॉक्टर व्हायचं हे घरच्यांनी ठरवलेलं, उठायचं कधी हे क्लासनं. माझ्या मर्जीनं बदलता येईल असा फक्त जुना लॅपटॉप होता, म्हणून त्यावर मी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचे प्रकार टाकून बघायचो. उबुंटू त्याला जड गेलं, मिंट फारच विंडोजसारखं वाटलं. त्या दुपारी मी तिसरा प्रकार, डेबियन, चढवत होतो, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावत होत्या, आणि अर्धापूरहून बाबा न सांगता केळी घेऊन दारात उभे. "काय करायलास?" मी स्क्रीनसमोरून बाजूला झालो. ते खाटेवर टेकले, बराच वेळ त्या ओळी बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "लई अवघड हाय रे डॉक्टरकी." मग केळं सोलून माझ्या हातात दिलं. हा डॉक्टरकीचा अभ्यास नाही हे न सांगता मी ते खाल्लं. आता फिनेलचा वास रोज सकाळी माझ्याच दवाखान्यात येतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर डेबियन आहे. या खोलीतही माझ्या मर्जीचं तेवढंच आहे.