भूकंपाचा दाखला
सरकारी शिक्का माणसाचं नशीब ठरवतो, असं मी तेव्हा मानायचो. लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की लातूरचं ते नेट कॅफे आठवतं. कॉलेजच्या ऑनलाइन फॉर्मचा शेवटचा दिवस होता आणि माझी जागा भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावरच मिळणार होती. वडिलांनी दाखला स्वतःच्या हातानं स्कॅनरवर ठेवला. "सर्व्हर लई हलायलाय काका, घाई करा. एकदा सबमिट झालं की बदलत न्हाई," म्हणत कॅफेवाल्यानं न बघताच फाइल जोडली. पावतीवर दिसली ती दाखल्याची कोरी पाठ. घरापर्यंत वडील ती पावती उलटसुलट करून बघत राहिले. इतके हादरलेले ते भूकंपातही नव्हते. पंधरा दिवसांनी त्याच कोऱ्या पाठीवर पडताळणीचा शेरा आला: 'मूळ दाखल्याची प्रत तपासली, योग्य आढळली.' आज मी त्याच कॉलेजच्या पदवीवर नोकरी करतो.