सहावा गोटा

आमच्या पांढरकवड्याच्या रेंज ऑफिसचे किस्से म्हणजे सागाची पानं. सकाळी आवार झाडून घ्यावं, तर दुपारी पुन्हा ढीग! रिटायर झालो तरी ही गळती थांबलेली नाही. चौघं भेटलो की एकेक पान पडतंच. चौघं म्हणजे रेंजर साहेब, जीप चालवणारा जगन, वनपाल वासुभाऊ आणि मी, ऑफिसातला बाबू. आता तिघंच उरलोत, पण तोंडात अजून 'चौघं'च येतं.

*

उन्हाळ्यात वणवा विझवायला जाताना वासुभाऊचा एक नियम असे. आत शिरताना प्रत्येकानं वाटेच्या तोंडाशी एक गोटा ठेवायचा, बाहेर आल्यावर आपापला उचलायचा. गोटा उरला, तर माणूस आत आहे. मग कोणीही घरी जायचं नाही!

एकदा एक उरला. दोन तास आम्ही धुरात बोंबलत फिरलो. आणि साहेब जीपच्या मागच्या सीटवर घोरत होते! गोटा उचलायचा विसरले होते. वासुभाऊ चिडला नाही. हात जोडून म्हणाला, "साहेब, तेवढा गोटा उचला. नाई तं आम्ही सकाळपर्यंत तुमालेच शोधत बसू!"

स्वतः मात्र तो नेहमी शेवटी निघायचा. विझलेल्या राखेत पुन्हा पुन्हा काठी फिरवत बसायचा. "तुम्ही व्हा समोर, मी येतोच मांगून." आणि यायचाच.

*

क्रूझची टूम त्याचीच. जन्मभर त्यानं उन्हाळ्यात वाळून खडखडणारा साग पाहिला. रिटायर झाल्यावर कुठल्याशा ट्रॅव्हलवाल्याचं पत्रक घेऊन आला. सिंगापूरहून जहाज, वाटेत पेनांगला उतरून वर्षावनाची सहल!

"बाबू, तिथं बाराई महिने हिरवं रायते म्हणते. पान वाळतच नाई!"

जगन म्हणाला, "मंग तिथले गार्ड उन्हाळ्यात करते काय?"

वासुभाऊनं खरंच विचार केला. "हेच तं पाहाचं हाय नं बाप्पा!"

*

बुकिंग झालं आणि त्याचं पोटाचं दुखणं निघालं. यवतमाळच्या दवाखान्यात आम्ही रोज जाऊन बसायचो. एका दुपारी आम्ही तिघंही उपाशी आहोत, हे त्याच्या लक्षात आलं.

"जा नं, जेवून घ्या. तुम्ही व्हा समोर, मी येतोच मांगून."

आम्ही हसलो. खाली जाऊन जेवलो. वर आलो तर त्याची बायको, सिंधूवहिनी, दारात उभ्या होत्या. आत वासुभाऊच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

एवढी वर्षं शब्दाला पक्का राहिलेला माणूस! मला त्याचा रागच आला. अजून येतो.

*

आम्ही क्रूझ कॅन्सल करायला निघालो, तर वहिनी म्हणाल्या, "काहून? मी येतो नं." कॅन्सलचा विषय तिथंच संपला.

जहाजावर दुसऱ्या दिवशी जगन कठड्यावरून खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग गंभीर होऊन मला विचारतो, "बाबू, एवढी मोठी गाडी! याले ब्रेक कुठी हाय?"

वहिनी हसल्या. पाच महिन्यांनी हसल्या. माझी बायको नंदा तोंड फिरवून रडली.

*

पेनांगला बसनं आम्हाला वर्षावनापाशी सोडलं. आम्ही पाच जण: साहेब, जगन, वहिनी, नंदा आणि मी. जगननं सवयीनं वाटेच्या तोंडाशी एक गोटा ठेवला. मग आम्हीही ठेवले. वहिनी सगळ्यांत मागे होत्या.

आत इतकं दाट, की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. सगळं ओलं. साहेबांनी वाकून मूठभर पाला उचलला आणि दाबला, तर पाणी गळलं. "याला आग लागणार कशी!" म्हणाले. पानं इथंही गळतात, हे वासुभाऊला सांगायला हवं होतं. तिघांच्याही मनात तेच होतं.

बाहेर आलो. प्रत्येकानं आपापला गोटा उचलला. एक उरला.

गाइड मुलीनं यादीतली आमची नावं वाचली. पाच नावं, पाच माणसं. "ऑल हिअर!" जहाज सुटायची वेळ होत आलेली. बसमधले बाकीचे प्रवासी काचा वाजवायला लागले. पण साहेब जागचे हलेनात. गोट्याकडे बोट दाखवून त्या पोरीवर ओरडले, "नो! वन इनसाइड! बस हलणार नाही!"

जगननं तर तोंडाशी हात नेऊन जंगलाकडे हाक मारायला सुरुवात केली. कोणाच्या नावानं, ते त्यालाही ठाऊक नसावं. नुसतंच, "ओऽऽ! ओऽऽ!"

वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या जगनभाऊ. तो त्यांचा हाय. आपण होऊ समोर, ते येतीनच मांगून."